आधी हवा, मग पाणी

समारंभाला फुलांच्या गुच्छाऐवजी फुललेली ऑर्किडची कुंडी देण्याची पद्धत आपल्या शहरांत आता चांगलीच रुळली आहे. बहुतेक वेळा ती फॅलेनोप्सिस असते: चार-सहा जाड, रुंद पानं, एका बाजूला झुकलेला लांब दांडा आणि त्यावर ओळीने उमललेली पांढरी किंवा जांभळी फुलं. फुलं दोन-तीन महिने टिकतात, गळतात, आणि पुढच्या वर्षभरात अनेक घरांतून ती कुंडीच नाहीशी होते. पानं सुरकुततात, पिवळी पडतात, मधला कोंब काळा पडून हातात येतो. मग दोष कधी उन्हाला दिला जातो, कधी खताला, कधी ‘आपल्याकडे ही झाडं जगतच नाहीत’ म्हणून हवामानाला. प्रत्यक्षात घरातल्या ऑर्किडच्या मरणाचं सगळ्यात नेहमीचं कारण चुकीच्या वेळी घातलेलं पाणी हे आहे. कुंडीसोबत आलेल्या चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असं छापलेलं असतं. ओळखीचं कोणी ‘दर तिसऱ्या दिवशी’ सांगतं, कोणी ‘रोज थोडा फवारा मारा’ म्हणतं. या सगळ्या सल्ल्यांत उत्तर दिवसांत मोजलेलं असतं, आणि तिथेच घोटाळा आहे. ऑर्किडच्या पाण्याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. मुळांभोवतीचं पाणी ओसरून तिथे पुन्हा हवा खेळू लागली की पुढच्या पाण्याची वेळ झाली. ती वेळ घरोघरी आणि ऋतूगणिक बदलते, पण कुंडीकडे बघून ती ओळखता येते.

हे पटायचं तर हे झाड मुळात कुठे राहतं ते आधी पाहायला हवं. फॅलेनोप्सिसच्या जाती आग्नेय आशियातल्या आणि आसपासच्या जंगलांत वाढतात. त्यातली फॅलेनोप्सिस अमाबिलिस इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे. ही झाडं जमिनीत रुजत नाहीत. मोठ्या वृक्षाच्या खोडाला किंवा फांदीला धरून ती वाढतात. आपल्याकडे अशा झाडाला सरसकट बांडगूळ म्हटलं जातं, पण बांडगूळ यजमान झाडाच्या आत मूळ घुसवून रस ओढून घेतं. ऑर्किड फक्त आधार घेतं. पाऊस, दव, धुकं आणि सालीवरून ओघळणारं पाणी यांवर ते जगतं. सह्याद्रीत आंब्या-जांभळांच्या फांद्यांवर मेच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर, लोंबत्या घोसांनी फुलणारी सीतेची वेणी याच राहणीची. अशा जागी पाणी येतं ते एकदम आणि जातंही भराभर. जोराची सर येते, मुळं चिंब होतात, पाणी खोडावरून निथळून जातं, वारा लागतो आणि तासाभरात मुळं पुन्हा कोरडी दिसू लागतात. भिजणं आणि वाळणं या फेऱ्यातच या झाडाची सगळी रचना घडली आहे. बहुतेक घरगुती झाडं मातीतली असतात आणि मातीतल्या झाडांना पाणी घालण्याची सवय आपल्या हाताला लागलेली असते. ती सवय इथे नडते.

मुळांची रचना याला पुरावा देते. फॅलेनोप्सिसचं मूळ हातात घेतलं तर ते बोटाला जाड आणि थोडं लवचीक लागतं. त्याचं बाहेरचं आवरण मृत पेशींच्या थरांचं असतं. वनस्पतिशास्त्रात त्याला व्हेलामेन म्हणतात. या पेशी रिकाम्या असतात. कोरड्या असताना त्यांत हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी-करडं दिसतं. पाणी लागलं की त्या पेशी भरतात, पारदर्शक होतात आणि आतल्या जिवंत भागातलं हरितद्रव्य बाहेर दिसायला लागतं, म्हणून मूळ हिरवंगार होतं. जर्मनीतले संशोधक गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की हे आवरण पाणी काही सेकंदांतच धरून ठेवतं आणि पाण्यातले विद्युतभारित क्षारही अडकवून ठेवतं. आतलं मूळ मग ते सावकाश शोषून घेतं. रोजच्या व्यवहारासाठी याचा अर्थ मोठा आहे. ऑर्किडच्या मुळाला दिवसचे दिवस ओलाव्यात बसून राहण्याची गरजच नाही. एकदा नीट भिजलं की त्याचं तेवढ्यापुरतं काम झालं. पुढचा वेळ त्याला आतलं पाणी पोचवायला आणि श्वास घ्यायला हवा असतो.

श्वास हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा आहे. मुळांच्या जिवंत पेशींनाही ऑक्सिजन लागतो, आणि तो त्यांच्यापर्यंत बहुतांशी हवेतून झिरपत येतो. हवेत ऑक्सिजन ज्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो स्थिर पाण्यात पसरतो. म्हणजे कुंडीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना होणारा ऑक्सिजनचा पुरवठा जवळजवळ थांबतो. काही तास हे चालतं. काही दिवस चाललं की पेशी मरू लागतात आणि पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युझॅरियम यांसारखे रोगकारक त्या मऊ पडलेल्या भागात शिरतात. मूळ तपकिरी, पोकळ होतं. बोटांत धरून ओढलं तर बाहेरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि आतला बारीक दोरा तेवढा उरतो. खोलवर, प्रकाश न मिळालेली मुळं निरोगी असूनही पिवळट-तपकिरी दिसू शकतात, तेव्हा रंगावरून घाबरून जाऊ नये. दाबून बघावं, घट्ट लागलं तर ते मूळ जिवंत आहे.

झाड मरतं कसं तेही पाहण्यासारखं आहे, कारण त्यातच बहुतेकांची फसगत होते. मुळं कुजली की झाडाला पाणी घेता येत नाही, कुंडीत कितीही पाणी असलं तरी. साहजिकच पानं मऊ पडतात, सुरकुततात, खाली झुकतात. घरातल्या माणसाला ती तहानेची खूण वाटते, आणि ती खरोखर तहानेचीच खूण असते. पण इलाज म्हणून घातलेलं पाणी उरलीसुरली मुळंही कुजवतं. पाणी कमी पडलेल्या आणि पाणी जास्त झालेल्या फॅलेनोप्सिसची पानं जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणून पानं बघून पाणी घालणं हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. शिवाय पानं बोलतात ती फार उशिरा. फॅलेनोप्सिस आपली पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडते. दिवसाच्या उन्हात ती मिटलेली ठेवून पाणी वाचवते, निवडुंगांसारखीच. जाड पानांत साठाही असतो. त्यामुळे एक-दोन दिवस पाणी उशिरा मिळालं तर या झाडाचं फारसं बिघडत नाही. पण एक-दोन आठवडे मुळं बुडून राहिली तर ते बहुधा परत उभं राहत नाही. या दोन चुकांची किंमत इतकी वेगळी आहे, की शंका असेल तेव्हा थांबणंच शहाणपणाचं.

आता दिवसांचा हिशेब का चालत नाही ते पाहू. कुंडी वाळते ती भोवतालच्या हवेने पाणी ओढून घेतल्यामुळे, आणि हवेची ही ओढ मोजता येते. दिलेल्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावू शकतं आणि प्रत्यक्षात किती आहे, यांतला फरक किलोपास्कलमध्ये काढतात. जुलैतल्या मुंबईत, 28 अंश सेल्सिअस आणि 90 टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत हा फरक साधारण 0.4 येतो. त्याच इमारतीत शेजारच्या घरी एसी लावून खोली 24 अंशांवर आणि आर्द्रता 50 टक्क्यांवर ठेवली असेल, तर तो 1.5 च्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ चौपट. मेमधल्या नागपुरात, दुपारी 36 अंशांवर गेलेल्या आणि 20 टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत तो पावणेपाचच्या घरात, मुंबईच्या त्या खोलीच्या सुमारे बारापट असतो. पंख्याचा वारा, खिडकीचं अंतर, कुंडीचा प्रकार यांमुळे प्रत्यक्ष वाळण्याचा वेग नेमका त्याच पटीत बदलत नाही, पण फरक किती मोठा आहे हे यातून दिसतं. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन दिवस ओले राहतात आणि उन्हाळ्यात तासाभरात वाळतात हे ज्याला माहीत आहे, त्याने बाराही महिने ऑर्किडला ‘दर रविवारी’ पाणी घालावं हे चमत्कारिकच. नागपूरच्या त्याच खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सुरू झाला की हवा दमट होते आणि गणित पुन्हा बदलतं. रात्रभर एसी चालणाऱ्या झोपायच्या खोलीत आणखी एक गोष्ट घडते: पर्णरंध्रं उघडी असतात नेमकी त्याच वेळी हवा कोरडी असते, त्यामुळे तिथली कुंडी दिवाणखान्यातल्या कुंडीपेक्षा लवकर पाणी मागते. डिसेंबर-जानेवारीत, रात्रीचं तापमान 15 अंशांखाली गेलं की वाढ मंदावते आणि झाडाची गरजही घटते, हवा कोरडी असली तरी.

ऑर्किड म्हणजे उष्ण, दमट जंगलातलं झाड, म्हणून त्याला कायम ओलावा हवा, ही समजूत जुनी आहे आणि तिने पूर्वीही फार मोठं नुकसान केलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं तेव्हा जगभरातून जहाजं भरभरून झाडं नेली गेली. 1830 साली वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे मांडलेल्या सल्ल्यात सतत उष्णता, सतत दमटपणा आणि दाट सावली यांवर भर होता. बंद काचघरांत, शेगड्यांच्या उबेत, वारा न लागता झाडं ठेवली गेली आणि मोठ्या संख्येने मेली. पुढे चॅट्सवर्थ इथे डेव्हनशायरच्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने काचघरांत हवा खेळती केली, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या झाडांसाठी वेगवेगळी तापमानं ठेवली, आणि झाडं जगू लागली. याच पॅक्स्टनच्या हाताखालचा जॉन गिब्सन 1835 मध्ये भारताकडे निघाला आणि खासी टेकड्यांतून ऑर्किडचा मोठा साठा घेऊन परतला. चेरापुंजीचा परिसर त्याच्या वाटेवरच होता. वर्षाला 11,000 मिलिमीटरहून अधिक पावसाचा हा प्रदेश. तिथलं ऑर्किड बारा महिने भिजत असणार असं कोणालाही वाटेल. पण तो पाऊस बहुतांशी काही महिन्यांत कोसळतो, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथे पाऊस अगदी जेमतेम असतो. एकूण पाऊस किती, यावरून मुळं किती वेळ ओली राहतात हे कळत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये झाडावरची ऑर्किडं सलग भिजतात, तरी कुजत नाहीत. थायलंडमधल्या रोपवाटिकांत आणि आपल्याकडच्या शेडनेटमध्ये डेंड्रोबियमला रोज, कधी दिवसातून दोनदाही पाणी मारतात. मग घरात रोज पाणी घातलं तर बिघडतं कुठे? बिघडतं ते कुंडीत. फांदीवरच्या मुळाला चारही बाजूंनी वारा असतो. रोपवाटिकेत झाड नारळाच्या सोडणाच्या तुकड्यात, कोळशात, विटांच्या खड्यांत किंवा नुसत्या लाकडी जाळीच्या टोपलीत असतं. पाणी त्यातून सरळ खाली जातं, तुकड्यांमध्ये बोट जाईल एवढ्या पोकळ्या असतात आणि भोवती मोकळी, हलती हवा असते. वांडा ऑर्किड तर मुळं पूर्ण उघडी ठेवून टांगलेलं असतं, आणि त्याला उन्हाळ्यात रोज पाणी न घालणं हीच चूक. म्हणजे ‘ऑर्किडला कमी पाणी हवं’ हा सल्लाही तितकाच अपुरा आहे. मुळं लवकर वाळत असतील तर पाणी हवं तितक्या वेळा घालावं. वाळत नसतील तर थेंबभरही नको. बाजारात मिळणारी फॅलेनोप्सिस बहुतेकदा घट्ट दाबलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये, अरुंद प्लॅस्टिकच्या कुंडीत असते, आणि ती कुंडी आणखी एका चकचकीत, तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंडीत बसवलेली असते. हे मॉस आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. वरचा थर हाताला कोरडा लागतो तेव्हाही गाभा ओलाच असतो, आणि बाहेरच्या कुंडीच्या तळाशी साचलेलं पाणी कोणाला दिसतही नाही.

दुसरा आक्षेप प्रयोगाच्या आधारे केला जातो, म्हणून त्याला अधिक मान द्यायला हवा. अमेरिकेत दर आठवड्याला बर्फाचे तीन खडे कुंडीत ठेवून फॅलेनोप्सिसला पाणी देण्याची पद्धत लोकप्रिय झाली, तेव्हा अनेक जाणकारांनी तिची टर उडवली होती. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी ती तपासून पाहिली आणि 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: सालीच्या तुकड्यांत लावलेल्या झाडांना बर्फ दिला किंवा तितकंच साधं पाणी दिलं, तरी फुलं टिकण्याच्या काळात फरक पडला नाही. मग आठवड्याचा नियम खरा ठरला की! पण या प्रयोगातली झाडं सालीत होती, पद्धत खोलीचं हवामान वर्षभर साधारण सारखं ठेवणाऱ्या देशातली होती, आणि बर्फामुळे पाण्याचं माप आपोआप ठरलेलं राहत होतं. त्या तीन अटी जुळल्या तर आठवड्याचा नियम चालतो, यात शंका नाही. दमट पावसाळा, कोरडा उन्हाळा आणि मधूनच चालू-बंद होणारा एसी असलेल्या आपल्या घरांत त्या अटी जुळत नाहीत. उलट बर्फाच्या पद्धतीचं यश हेच सांगतं, की थोडं पाणी, मोकळी साल आणि मधे वाळायला वेळ एवढं मिळालं की फॅलेनोप्सिस खुशाल जगते.

काही हौशी लोक मातीच्या भाजलेल्या गोळ्यांत, तळाशी कायम थोडं पाणी ठेवून ऑर्किड वाढवतात, आणि ती वाढतातही. हे उदाहरण वरच्या सगळ्या विवेचनाला खोडून काढतं असं वाटू शकतं. पण त्या गोळ्यांमधल्या पोकळ्यांत हवाच असते. ओल गोळ्यांच्या अंगातून वर चढते, आणि झाड त्या परिस्थितीत नवी मुळं काढतं. सालीत वाढलेली जुनी मुळं अचानक तशा ओलीत ठेवली तर त्यातली पुष्कळशी मरतात. हवा आणि ओल एकाच वेळी मिळण्याची सोय केली तर वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. नेहमीच्या कुंडीत ती सोय नसते, म्हणून तिथे दोन्ही आळीपाळीने द्यावं लागतं.

कुंडी वाचायची कशी? पारदर्शक कुंडी असेल तर काम सोपं होतं, आणि नसेल तर घ्यावी. फॅलेनोप्सिसची मुळं हरितद्रव्य बाळगतात, त्यांना उजेडाचा उपयोगच होतो. कडेची मुळं हिरवी आणि कुंडीच्या आतून बाष्पाचे थेंब दिसत असतील तर पाणी नको. मुळं रुपेरी झाली, थेंब नाहीसे झाले की वेळ जवळ आली. दुसरी खूण वजनाची, आणि ती सगळ्यात भरवशाची. पाणी घालून पूर्ण निथळल्यावर कुंडी उचलून बघावी आणि काही दिवसांनी पुन्हा उचलावी. हाताला फरक लवकर कळू लागतो. ज्यांना हाताचा भरवसा वाटत नाही त्यांनी स्वयंपाकघरातला छोटा काटा वापरावा: शंभर मिलिलिटर पाण्याचं वजन शंभर ग्रॅम, त्यामुळे कुंडीत किती पाणी उरलं हे सरळ आकड्यात दिसतं. तिसरी खूण काडीची. बांबूची बारीक काडी कुंडीच्या गाभ्यापर्यंत खुपसून दहा-पंधरा मिनिटं ठेवावी. बाहेर काढल्यावर ती काळसर, थंड लागली तर आत ओल आहे. वरच्या थरात बोट घालून पाहणं मात्र फसवं, कारण वरचा थर सगळ्यात आधी वाळतो. बाजारातली ओल मोजण्याची यंत्रं मातीसाठी बनवलेली असतात. ती विद्युतवाहकता मोजतात. सालीच्या जाडसर तुकड्यांत त्यांच्या सळईला नीट स्पर्शच मिळत नाही, आणि खताचे क्षार साठले असतील तर त्यांचा आकडा भलतं काही सांगतो.

कामाच्या घाईत हे कोण करणार, असं विचारलं जातं. पण कुंडी उचलून खाली ठेवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ पाणी घालायला लागतो. रोज बघून आठवड्यातून एकदाच पाणी घालणाऱ्याचं काम दर तीन दिवसांनी न बघता पाणी घालणाऱ्यापेक्षा कमीच होतं. वार ठरवायचाच असेल तर तो बघण्याचा ठरवावा. हा सगळा हिशेब फॅलेनोप्सिसचा आहे, हेही लक्षात ठेवावं. पॅफिओपेडिलमसारखी बहुधा पालापाचोळ्यात वाढणारी ऑर्किडं पूर्ण कोरडी होऊ देऊ नयेत. आपल्याकडे फुलांच्या बाजारासाठी लावलं जाणारं डेंड्रोबियम ‘सोनिया’ वाढीच्या काळात भरपूर पाणी घेतं. हिमालयाच्या पायथ्याकडचं डेंड्रोबियम नोबिले हिवाळ्यात थंड आणि जवळजवळ कोरडं ठेवलं तर फुलतं. त्या काळात खत-पाणी चालू ठेवलं तर फुलांच्या जागी कांडीवर नवी रोपं फुटतात. सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाटुलम पावसाळा संपल्यावर पानं गाळून नुसत्या फुगीर कांड्यांवर कोरडे महिने काढतं आणि त्या पर्णहीन अवस्थेतच पांढरी फुलं देतं. पानं गेलेली पाहून त्याला पाणी घालत राहणाऱ्याने त्या झाडाची विश्रांती मोडलेली असते.

पाणी घालायची वेळ आली की मात्र हात आखडता घेऊ नये. कुंडी बाहेरच्या भांड्यातून काढून नळाखाली, खालून पाणी वाहून जाईपर्यंत भिजवावी, किंवा दहा-पंधरा मिनिटं बादलीत बुडवून मग पूर्ण निथळू द्यावी. चमचा-चमचा पाणी दिल्याने वरचा थर कायम ओला राहतो, खालची मुळं कोरडी राहतात आणि क्षार साठत जातात. बोअरवेलचं जड पाणी असेल तर मुळांवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरी पुटं दिसू लागतात. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. वेळ सकाळची बरी, म्हणजे पानांच्या बेचक्यात अडकलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं. जंगलात फॅलेनोप्सिस खोडावर तिरपी लटकते, त्यामुळे तिच्या मधल्या कोंबात पाणी थांबत नाही. कुंडीत आपण ती सरळ उभी करतो आणि तिथे पाणी साचू देतो. या झाडाला वाढीचं टोक एकच असतं. ते कुजलं की सगळं अवघड होतं, म्हणून कोंबातलं पाणी कापसाने किंवा टिपकागदाने टिपून घ्यावं. रोजच्या फवाऱ्याचा फायदा त्यामानाने नगण्य आहे. दमटपणा काही मिनिटांपुरता वाढतो आणि कोंब मात्र ओला राहतो.

एकदा कुंडीचा अंदाज आला, तिचं ओलं आणि कोरडं वजन हाताला ओळखीचं झालं, की ते कायमचं झालं असंही समजू नये. पाइनची साल साधारण दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होते, मॉस त्याहूनही लवकर दबून लगदा होतं. तुकड्यांमधल्या पोकळ्या बुजतात आणि पूर्वी सहा दिवसांत वाळणारी कुंडी त्याच खिडकीत, त्याच महिन्यात दहा दिवस ओली राहू लागते. असा फरक जाणवला की झाडात काही बिघडल्याची वाट न पाहता, फुलं संपल्यावर आणि नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू लागल्यावर कुंडीतली भर बदलून टाकावी. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापावीत, घट्ट लागणारी ठेवावीत. नवी कोरडी साल पहिले काही आठवडे पाणी धरत नाही, म्हणून ती लावण्याआधी रात्रभर भिजत घालावी. आणि तरीही त्या कुंडीला सुरुवातीला जास्त वेळा पाणी लागेल, तेव्हा वजनाचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधायला घ्यावा.